परत घ्यायचं होतं

सोमवार, २ सप्टेंबर

दर जानेवारीत मी दैनंदिनी लिहायला घेते आणि महिना संपायच्या आत ती रद्दीत जाते. ही सप्टेंबरात सुरू करतेय, तेव्हा टिकेल कदाचित. आज जे झालं ते कोणाला सांगायची सोय नाही. ह्यांना सांगितलं तर म्हणतील, "तुला कोणी सांगितली होती नसती उठाठेव?" सांगितली नव्हतीच कोणी. मीच हात वर केला होता.

दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत आमचं साहित्य केंद्र आहे. कुबड्या, वॉकर, चाकाच्या खुर्च्या, वर-खाली होणाऱ्या खाटा, आणि हवेतून ऑक्सिजन काढून देणारी मशीन्स. ज्याला लागेल त्याने करारपत्रावर सही करून न्यायचं, तीन महिन्यांनी आणून द्यायचं किंवा मुदत वाढवून घ्यायची. इतकी वर्षं हे सगळं मास्तरांनी एकट्याने सांभाळलं. मास्तर म्हणजे मला शाळेत मराठी शिकवणारे. डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी ते मुलीकडे गेले आणि जाताना करारपत्रांचा गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाले, "तुझं अक्षर बरं आहे." झालं. अक्षर बरं म्हणून बाई अडकली.

आज कंपनीचं पत्र आलं. एका खेपेतल्या ऑक्सिजन मशीन्सची शिट्टी बिघडते आहे. मशीनमधून ऑक्सिजन कमी यायला लागला की शिट्टी वाजायला हवी. या मशीन्सची वाजत नाही. म्हणजे मशीन घरघरत राहणार, नळीतून वारा येत राहणार, आणि तो नुसता वारा असणार. पेशंटच्या घरात कोणाला कळणारसुद्धा नाही. मी पत्र उभ्या उभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

आमच्याकडे त्या खेपेतली पाच आहेत. चार मागच्या खोलीतल्या कपाटात निघाली. मिस्त्रींनी त्यांना लाल पट्ट्या चिकटवल्या. मिस्त्री म्हणजे आमची सगळी दुरुस्ती करणारे. ते महिन्यातून चार वाक्यं बोलत असतील. पाचव्याचं करारपत्र काढलं. एका आजोबांच्या नावावर दिलेलं. खाली मास्तरांच्या हाताने एकच शब्द: "परत". पुढे तारीख, सही.

म्हणजे आलं होतं. मग कपाटात का नाही?

मंगळवार, ३ सप्टेंबर

मास्तरांना फोन केला. डोळ्यांना पट्टी आहे, पण आवाज वर्गातलाच.

"मास्तर, ते पाचवं ऑक्सिजन मशीन परत दिलं होतं ना?"

"हो. लिहिलंय की."

"पण नक्की दिलं होतं?"

"अगं, मीच दिलं, माझ्या हातानं. तू पाचवीत पण असंच करायचीस, उत्तर बरोबर आलं तरी तीनदा विचारायचीस."

पुढे काही विचारणार तोच त्यांच्या मुलीने फोन घेतला. डॉक्टरांनी बोलायला मनाई केली आहे म्हणे.

मास्तरांनी स्वतःच्या हाताने दिलं. कोणाच्या हातात, ते उघड आहे. आत ठेवायला मिस्त्रींच्याच हातात देणार, कपाटाची किल्ली त्यांच्याकडेच असते. मग मिस्त्रींनी ते कुठे ठेवलं? विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडे नाही आलं." एवढंच.

त्या आजोबांच्या घरी फोन करावा का, असा एकदा विचार आला. पण ऑक्सिजनचं मशीन परत येतं ते बहुतेक वेळा माणूस गेल्यावरच. ज्या घरातलं माणूस गेलंय त्यांना काय विचारणार, तुम्ही मशीन आणून दिलं होतं ना? नकोच.

गुरुवार, ५ सप्टेंबर

आज शिवणवाली आली होती. आमच्या चाकाच्या खुर्च्यांना बैठकीची कव्हरं तीच शिवून देते. काम नीटनेटकं, पण बाई बोलायला लागली की धागा संपत नाही, आणि माझं डोकं त्या पाचव्या मशीनमध्ये. मी गठ्ठा उपसत होते, तिचं सुरू होतं.

"ताई, मशीनचं बोलायचं होतं."

"का? बिघडलं का?"

"छे हो. उलट एकदम गुणी झालंय. पूर्वी मेलं सारखं ओरडायचं, रात्री-बेरात्री दचकून उठायला व्हायचं. आता कसं गप्प असतं."

"तेल घातलं असेल," मी म्हटलं. ती हसली. तिला माझा विनोद कळला नसावा, कारण ती थोडी गोंधळूनच हसली.

मग सासऱ्यांचं निघालं. "बाबाही हल्ली झोपूनच असतात. पूर्वी पडल्या पडल्या माझ्या टिपा मोजायचे, ही वाकडी, ती सैल. आता हाक मारली तरी हूं म्हणतात आणि परत डोळे मिटतात. नखं पण बघा ना, कशी काळपट झालीत."

"वयाने झोप वाढतेच," मी म्हटलं. "आमच्या सासूबाई तर बोलता बोलता झोपतात."

तेवढ्यात फोन वाजला. कंपनीचा. पाचव्याचं काय झालं, लेखी कळवा. मी रिसीव्हर हाताने झाकला तेव्हा शिवणवाली म्हणाली, "ताई, ते परत घ्यायचं होतं."

कव्हरांचं उरलेलं कापड तिच्याकडे पडून आहे, ते. मी म्हटलं, "परतीचं काम मी मंगळवारी करते. मंगळवारी आणा. आणि सगळंच आणा, मागे काही ठेवू नका. एकदाच काय ते मिटवून टाकू."

तिचं तोंड एवढंसं झालं. "सगळं? मग बाबांचं..." असं काहीतरी पुटपुटली आणि चहा न घेता गेली. कापडाच्या चार तुकड्यांवर एवढा जीव! लोकांना जरा शिस्त लावायला जावं तर असं.

शनिवार, ७ सप्टेंबर

जेवण जात नाही. काल संध्याकाळी मिस्त्री काहीतरी कापडात गुंडाळून सायकलला बांधून नेताना दिसले. विचारलं तर, "घरी करतो." काय करतो? मशीन करतो?

माणूस वाईट नाही असं मनाचं एक पारडं म्हणतं. दुसरं पारडं म्हणतं, किल्ली कोणाकडे? आज मी त्यांच्याकडे कपाटाची किल्ली मागितली. म्हटलं, नवीन पद्धत आहे, किल्ली ऑफिसात राहील. त्यांनी गळ्यातल्या दोऱ्यातून ती सोडवली, टेबलावर ठेवली, आणि जाऊन खुर्चीच्या चाकाला ग्रीस लावत बसले. मला वाटलं होतं मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही.

ह्यांना शेवटी सांगितलं. हे म्हणाले, "अगं, मशीन कोणाच्या तरी घरात असेल." म्हटलं, तीच तर भीती आहे. चोरीला गेलं असेल तर मला एका परीने चालेल. विकलं असेल, मोडीत गेलं असेल, तर निदान ते कोणाच्या नाकाला लावलेलं नसेल. माझ्या तोंडून हे निघालं आणि माझी मलाच लाज वाटली.

सोमवार, ९ सप्टेंबर

दारावर मोठ्या अक्षरात सूचना लावली: "मुदत संपलेली सर्व मशीन्स व साहित्य ताबडतोब परत करावे. अन्यथा कारवाई होईल." कसली कारवाई ते मला माहीत नाही, पण त्याशिवाय सूचना बोडकी दिसत होती.

खरं कारण लिहावं का, यावर मी पूर्ण सकाळ घालवली. "शिट्टी बिघडली आहे" असं लिहिलं तर ज्यांच्याकडे चांगली मशीन्स आहेत तेही घाबरतील, रात्रभर नळीकडे बघत बसतील. शिवाय केंद्राचं नाव जाईल. मास्तरांनी जन्मभर राखलं आणि माझ्या हाती आल्या आल्या बुडालं, असं व्हायला नको. म्हणून नाही लिहिलं. मिस्त्री सूचनेपुढे बराच वेळ उभे होते. म्हणाले, "का ते लिहिलं नाही?" मी म्हटलं, "विचार करूनच लिहिलंय."

संध्याकाळपर्यंत खोली भरली. कारवाईचा धसका लोकांनी बरोब्बर घेतला. एक काका कुबड्या परत करायला आले, त्याच कुबड्यांवर चालत. मी म्हटलं, अहो, मग घरी कसे जाणार? ते म्हणाले, "ते तुमच्या सूचनेत नाही." त्यांना खुर्चीवर बसवून मुदत वाढवून दिली. लोक भ्यायले आहेत. पाचवं मशीन मात्र आलं नाही.

मंगळवार, १० सप्टेंबर

शिवणवाली कापड घेऊन आली नाही. दुपारी ती रस्त्यापलीकडे दिसली. आमच्या दारावरची सूचना लांबूनच वाचत होती, ओठ हलत होते. मी खिडकीतून "अहो!" म्हणून हाक मारली, तर पदर डोक्यावर ओढून झपाझप निघूनच गेली. मी काय खाते की काय तिला!

मिस्त्री कापडात गुंडाळून काय नेतात ते कळलं. मोडक्या वॉकरांच्या मुठी. घरी नवीन रबर बसवून आणतात. आज चार टेबलावर ठेवून गेले. किल्लीचा विषय त्यांनी काढला नाही, मीही नाही. मला कोणी हुशार म्हणतं तेव्हा मी खूश होते, ते आता बंद करायला हवं.

गुरुवार, १२ सप्टेंबर

क्रमाने लिहिते, नाहीतर सगळं एकात एक होईल.

दुपारी जेवायला घरी आले. हे पेपर वाचत होते. सासूबाई पलंगावर. हे पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "आईची दुपारची गोळी परत दिली हं."

माझा घास हातातच राहिला. रक्तदाबाची गोळी, दोनदा! "परत दिली? अहो, मी जाताना देऊन गेले होते! दोनदा कशी दिलीत? डॉक्टरांना फोन लावा आधी!"

"अगं ओरडतेस काय? आईने परत दिली. तू दिलेली तिने खाल्लीच नाही, कडू लागते म्हणून माझ्या हातावर ठेवली. ती बघ, डबीत आहे."

"मग तसं सांगा ना! परत दिली म्हणजे काय समजायचं माणसाने?"

"परत दिली म्हणजे परत दिली," हे म्हणाले.

हाच शब्द. मला मास्तरांचा आवाज ऐकू आला: मीच दिलं, माझ्या हातानं. मी तशीच उठले, खरकट्या हाताने मास्तरांना फोन लावला. मुलगी नको नको म्हणत होती, मी म्हटलं, एकच प्रश्न, पाया पडते.

"मास्तर, करारपत्रावर 'परत' लिहिलंय, ते म्हणजे काय?"

"म्हणजे पुन्हा. मुदत संपली, पुन्हा दिलं."

"आणि आणून दिलेल्याला काय लिहिता?"

"'जमा'. कुठलंही करारपत्र काढून बघ."

"मग 'पुन्हा' लिहायचं होतं ना, मास्तर!"

"डोळ्यात मोतीबिंदू, बाळ. जोडाक्षर लिहिलं की माझं मला दिसेना. 'परत'ला काना नाही, मात्रा नाही, सरळ शब्द." मग वर्गातला आवाज पार उतरवून त्यांनी विचारलं, "का गं? काय झालं?"

मी सांगते म्हटलं आणि फोन ठेवला.

म्हणजे आजोबा गेले नव्हते. मशीन कपाटात आलंच नव्हतं. दहा दिवस मी कपाटं उपसत होते, एका गरीब माणसावर संशय घेत होते, आणि ते मशीन ज्याच्या नावावर लिहिलंय त्याच्याच घरात घरघरत होतं.

केंद्रात गेले. मिस्त्रींना म्हटलं, "चांगलं मशीन काढा, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं मीटर घ्या, चला." कपाट उघडताना किल्ली माझ्याच पर्समध्ये सापडेना, तेव्हा ते नुसते उभे राहिले. रिक्षात मशीन त्यांनी मांडीवर घेतलं होतं. पत्त्यावर नुसती गल्ली आणि घराचा नंबर होता. दार अर्धं उघडं. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, आणि बाजूच्या खुर्चीवर घडी करून ठेवलेली आमच्याच बैठकीची कव्हरं.

मी उंबऱ्यावरच थांबले. आतल्या दारात शिवणवाली उभी होती, दोन्ही हात चौकटीला लावून.

"ताई, एवढा आठवडा राहू द्या," ती म्हणाली. "मी स्वतः आणून देते, शपथ. मी म्हटलं होतं ना तुम्हाला, परत घ्यायचं होतं म्हणून. मुदत संपायच्या आधीच आले होते. तुम्ही म्हणालात सगळंच आणा, मागे काही ठेवू नका. मग बाबांना कशावर ठेवू मी?"

परत घ्यायचं होतं. अजून तीन महिने घ्यायचं होतं. आणि जे गुणी झालं होतं, जे आता ओरडत नव्हतं, ते हे शिवायचं मशीन नव्हतंच. तिने मला सगळं सांगितलं होतं. झोप, नखं, गप्प झालेली शिट्टी. मी तेल घातलं असेल म्हटलं होतं.

"बाजूला व्हा," मी म्हटलं, आणि ते इतक्या जोरात निघालं की ती खरंच बाजूला झाली.

आत पलंगावर बाबा. तोंड उघडं, ओठ निळसर, आणि उशाशी आमचं मशीन छान घरघर करत होतं. मिस्त्रींनी बाबांच्या बोटाला मीटर लावलं, आकडा बघितला आणि मला दाखवलाच नाही. नळी काढली, नव्या मशीनला जोडली, बटण दाबलं. नव्या मशीनने सुरू होताना एक शिट्टी मारली तशी शिवणवाली दचकली. "हेच," ती म्हणाली, "असंच ओरडायचं ते पूर्वी."

मी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना बोलावणं धाडलं आणि पलंगाच्या कडेला बसले. शिवणवालीला कारण सांगितलं, जे सूचनेत लिहिलं नव्हतं ते. ती चिडेल, मला घराबाहेर काढेल, असं वाटलं. काढलं असतं तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "माझंच चुकलं ताई. तुम्ही फोनवर होतात, मी नीट सांगितलं नाही."

किती वेळ गेला कोण जाणे. मिस्त्री मीटरवरची नजर काढत नव्हते. मग त्यांनी पहिल्यांदा ते माझ्याकडे वळवलं. आकडा चढत होता. बाबांच्या ओठांचा रंग बदलला, पापण्या हलल्या, आणि त्यांनी डोळे उघडून आधी सुनेकडे पाहिलं.

"शिवण थांबवलंस का? आवाज येत नाही."

ती तोंडात पदर कोंबून रडायला लागली. बाबांची नजर माझ्यावर आली. "कोण आलंय?"

"केंद्रातल्या ताई, बाबा," ती हुंदके देत म्हणाली. तिला दुसरं काही सुचलंच नसावं. "मशीनचं... परत..."

म्हातारा माणूस सरळमार्गी. त्यांनी सगळं समजल्यासारखी मान हलवली. मग हळूहळू दोन्ही हात वर नेले, कानांवरून नळी सोडवली, नाकातून काढली, आणि नीट गुंडाळी करून माझ्यापुढे धरली.

"घ्या," ते म्हणाले. "मुदत झालीये, मला माहीत आहे. फार उपयोग झाला. दुसऱ्या कोणाला लागत असेल."

मला क्षणभर काही दिसेना. ती गुंडाळी मी त्यांच्या हातातून घेतली, उलगडली, आणि माझ्या हाताने त्यांच्या नाकाला लावली, कानांमागून नीट बसवली.

"घ्यायला नाही आले, बाबा," मी म्हटलं. "परत द्यायला आलेय."

शुक्रवार, १३ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई सकाळी पुन्हा जाऊन आल्या. बाबा बसून दूध प्याले. सुनेने घातलेल्या टाक्यांत एक खोट काढली म्हणे. "वेळेवर गेलात," त्या म्हणाल्या. मागच्या गुरुवारी गेले असते तर ते वेळेवर झालं असतं, ज्या गुरुवारी शिवणवाली माझ्या टेबलासमोर उभी होती त्या.

दारावरची सूचना काढली. नवीन लावली, तिच्यात काय बिघडलंय ते साध्या शब्दांत लिहिलं आणि खाली माझं नाव घातलं. करारपत्रांचा नवीन गठ्ठा छापायला दिला. "आणून दिले" एक रकाना, "मुदत वाढवली" दुसरा. मास्तरांना फोनवर वाचून दाखवलं. ते म्हणाले, "शब्द जास्त झाले." म्हटलं, होऊ देत.

मिस्त्रींपुढे काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. त्यांच्यासमोर गेले आणि एक वाक्य आठवेना. शेवटी पर्समधून किल्ली काढून पुढे धरली. त्यांनी ती घेतली, दोऱ्यात ओवली, गळ्यात घातली आणि विचारलं, "जेवलात का?"

मिस्त्रींना किल्ली परत दिली. म्हणजे मी दिली, त्यांनी घेतली. असंच लिहायचं यापुढे.